मोराकने दार का लावलं

वैशाखरे, ता. मुरबाड
७ जानेवारी २०२४

चि. योगिनीस,

दामू आबाचा आशीर्वाद. हा कोण, असं म्हणशील तर म्हण, तुझा हक्क आहे. मी तुझ्या आईचा बाप. तू सात वर्षांची असताना मला शेवटचं पाहिलंस, आणि तेव्हा मी काही बघण्यासारखा नव्हतो.

तुझा पत्ता अक्षदाने दिला. अक्षदा म्हणजे शेजारच्या जयरामची सून, तिच्या मोबाइलात तू असतेस म्हणे. नंबरही देत होती. पण इथं टेकडीवर चढल्याशिवाय रेंज येत नाय, आणि माझे गुडघे टेकडीला राजी नायत. शिवाय फोन मधेच ठेवता येतो. पत्र निदान वाचून होईस्तोवर हातात राहतं.

परवा ती सांगत आली, तुमच्या योगिनीने सिनेमा मराठीत आणलाय, बघायला चला. मला वाटलं देवादिकांचा असेल. गेलो तर आभाळातल्या गावाचा निघाला. ‘घुमटाबाहेर’ नावाचा. जयरामच्या पडवीत पंधराएक माणसं दाटीवाटीने बसलेली. टीव्हीवर एक ओसाड ग्रह, त्यावर हवा नाय, म्हणून काचेचा भलामोठा घुमट बांधून त्यात लोक राहतात. घुमटाच्या दारावर तो तांबड्या डोळ्यांचा मोराक. बाहेर धुळीचं वादळ उठलंय, सतरा माणसं परत आलीत, दार ठोकतायत. सगळ्यात पुढे एक बाई, तिच्या कडेवर पोर. मोराक दार उघडत नाय. तिला म्हणतो, “पाठ फिरव नि चालू लाग. या घरात तुझं ताट उरलं नाय.”

पडवी हसायला लागली. हवेच्या नळ्या नाकात घालून फिरणाऱ्यांच्यात ताट कुठून आलं, म्हणून. हौसा म्हातारी म्हणाली, “मेला बोलतो बघ कसा आपल्या दाम्यासारखा.” आणि मग तिनेच माझ्याकडे वळून बघितलं नि पदर तोंडाला लावला. तुझी आई घरातून निघाली त्या दिवशी ती आमच्या विहिरीवर पाणी शेंदत होती. तिला आठवलं असणार.

मी हसलो नाय. घरी आलो.

सिनेमा चांगला होता. नायकाला तू पुस्तकातली भाषा दिलीस नि मोराकला आमची, नाय-हायची. का दिलीस ते विचारत नाय. वाईट माणसाच्या तोंडी शोभली, असं सगळे म्हणत होते.

तुझी आजी बाईजा जाऊन तीन वर्षं झाली. अनिलमामा तुझा कल्याणला असतो, तिकडे गेल्याला सतरा वर्षं. मूठभर तांदूळ टाकला तरी भात उरतो. उरलेला कावळ्यांना घालतो. ते मात्र वेळेवर येतात, त्यांना कल्याण माहीत नाय. दुपारची माळशेजकडची गाडी गेली की माझा दिवस संपला. मग संध्याकाळपर्यंत नुसतं बसायचं.

तर काम एकच. मला शहापूरला यायचंय. चंदाला, तुझ्या आईला, एकदा बघायचंय. सरळगावला उतरून किन्हवलीवरून जाणारी गाडी मिळते, चौकशी करून ठेवलीय. पण न विचारता तिच्या दारात उभं राहायचा हक्क मी माझ्या हाताने घालवला. तू तिला विचार, बाबा येऊ का म्हणून. हो का नाय, एवढं कळव.

दामू आबा

———

आसनगाव, ता. शहापूर
२९ जानेवारी २०२४

श्री. दामू हरड यांस,

‘आबा’ लिहायला हात वळला नाही, समजून घ्या.

तुमचं पत्र दोन-अडीच आठवडे माझ्या पर्समध्ये होतं. आईला अजून दाखवलेलं नाही. त्यामुळे हो-नाही माझ्याकडे नाही.

ताटाबद्दल सांगते. माझं काम असं असतं की पडद्यावरच्या माणसाचे ओठ बघत बसायचं. ओठ मिटले की तिथे प, ब, म असलं काहीतरी यायला हवं, तोंड उघडं राहिलं की लांब ‘आ’ हवा. नाहीतर माणूस एक बोलतो आणि ऐकू भलतंच येतं. मूळ सिनेमात मोराक त्या बाईला हवेच्या टाक्यांचे आकडे सांगतो. ते मराठीत फार कोरडं होत होतं. चार दिवस अडले. पाचव्या दिवशी ते वाक्य आपोआप आलं आणि त्याच्या ओठांवर चपखल बसलं. स्टुडिओत विचारलं, अहो, हे ताट काय? मी म्हटलं, आमच्याकडे असंच बोलतात. कोण बोलतं ते सांगितलं नाही.

आणि भाषेचं तुम्ही विचारत नाही म्हणालात, तरी सांगते. क्रूर माणूस कसा बोलत असेल, असा विचार केला की माझ्या कानात तुमचाच आवाज येतो. दुसरा मला माहीत नाही.

त्या दिवशी मी ओट्यावर उभी होते. गळ्यात पाटीची पिशवी होती. तुम्ही माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

आता त्या सिनेमाचा दुसरा भाग आलाय, तोही मलाच दिलाय. त्यात मोराक तुरुंगात म्हातारा झालाय. त्या बाईच्या कडेवरचं पोर वाचलेलं असतं, आता ती मोठी मुलगी आहे, आणि ती त्याला भेटायला येते. मारायला नाही, विचारायला. दार का लावलंस? मूळ भाषेत तो तिला जे सांगतो त्यावर माझा विश्वास बसत नाही. हवा चारच दिवसांची उरली होती, आतल्या चारशेंना वाचवलं, वगैरे. पहिल्या भागात जो राक्षस होता तो दुसऱ्या भागात एकदम संत. मला असं उत्तर हवंय की त्या मुलीला पटेल. निदान मला पटेल.

तुम्ही दार लावलेलं आहे, म्हणून तुम्हाला विचारते. मोराकने दार का लावलं?

योगिनी

———

वैशाखरे
११ फेब्रुवारी २०२४

चि. योगिनीस,

आशीर्वाद. तू नको म्हटलंस तरी मी देणार, त्याला पोस्टाचं वेगळं तिकीट लागत नाय.

तू मला मोराकचं विचारतेस, म्हणजे काय विचारतेस ते मला कळतं. चौथी शिकलोय, पण एवढं कळतं. पुढची शाळा माझी रस्त्यावर झाली. तीस वर्षं मैलकुली होतो, माळशेजच्या रस्त्याचे खड्डे भरायचे, दरड आली की उपसायची. घाटातल्या बंगल्याचा खानसामा जुनी मासिकं चुलीत घालायचा, ती मी मागून आणायचो. कंदील असेल तोवर वाचायचं. त्या गोष्टींमधला वाईट माणूस बहुतेक वाईटच जन्मायचा. लिहिणाऱ्याचं काम सोपं व्हायचं.

माझा मामा शहापूरकडचा. त्यांच्या गावात बोहाडा व्हायचा, तू कदाचित पाहिला असशील. लाकडाचे मुखवटे लावून देवांची नि राक्षसांची सोंगं नाचवायची. मामाच्या घराकडे राक्षसाच्या सोंगाचा मान. मला लहानपणी लाज वाटायची, सगळ्यांचे मामे देव नि आपलाच राक्षस. मामाने एकदा मुखवटा उलटा करून आतली बाजू दाखवली. म्हणाला, देवाचाही असाच आहे, एकाच खोडाचा, एकाच सुताराचा. आतून दोन्ही घामाने काळे. आणि नाचायच्या आधी राक्षसालाही कुंकू लागतं. न लावता नाचवला तर तो सोंग घेणाऱ्याच्या अंगातून उतरत नाय, असं तो म्हणायचा. तुमच्या सिनेमावाल्यांनी पहिल्या भागात कुंकू लावायचं राहू दिलं, नि दुसऱ्यात त्यालाच देव्हाऱ्यात बसवला. दोन्ही अडाणीपणा.

आता कारण सांगतो.

तुझा बाप गेल्यावर चंदा तुला घेऊन आमच्याकडे आली. दोन वर्षं राहिली. लावणी, कापणी, गुरं, सगळं तीच ओढायची. भावाच्या घरात विधवा बहीण म्हणजे बिनशिंगाची गाय, कुणीही हाकावी. तिने शहापूरला नर्सबाईंच्या हाताखालच्या शिक्षणाला अर्ज केला होता. बोलावणं आलं. पण ती जाईना. आईला कोण बघेल, भात कोण लावेल, हेच तिचं. मी गोडीने सांगून बघितलं. मग म्हटलं, गोडीने निघत नाय तर कडूने काढू. पिलू घरट्याबाहेर ढकलावं लागतं तेव्हा चोचीनेच ढकलतात. म्हणून तसं बोललो. ती गेली, शिकली, दवाखान्यात लागली, तुला तिने एवढं केलं.

मोराकला हे देऊन बघ. ओठांवर बसतं का ते तू ठरव.

चंदाला विचारलंस का? गाडी सकाळची आहे नि दुपारची आहे. मला कुठलीही चालेल.

आबा

———

आसनगाव
३ मार्च २०२४

आबा,

लिहिलं शेवटी.

तुमचं कारण मी मोराकला दिलं. तो मुलीला म्हणतो, “दार मी लावलं. उघडं ठेवलं असतं तर तू दाराशीच बसून राहिली असतीस, कधी चालली नसतीस.” ओठांवर अगदी नेमकं बसतं. आवाज देणारे गृहस्थ साठीचे आहेत, त्यांनी नमुन्याला म्हणून एकदा बोलून बघितलं. सगळ्यांचं म्हणणं पडलं की आता कुठे हा माणूस वाटतो.

मलाही वाटला. बावीस वर्षांत पहिल्यांदा तुमचा आवाज कानात आला आणि मी दचकले नाही. अक्षदाकडून तुमचा एक फोटो मागवला. तुम्ही इतके बारीक असाल असं वाटलं नव्हतं. माझ्या डोक्यात तुम्ही दारातून वाकून बाहेर येणारे होतात.

आईला सगळी पत्रं दिली, माझ्या उत्तराच्या कच्च्या कागदासकट. डबा भरता भरता तिने वाचली. भाजीचा डबा बंद केला, तो तिने दोनदा उघडून बंद केला. मी वाट बघत होते. दवाखान्यात निघताना चप्पल घालत म्हणाली, “त्यांना विचार, बोलावणं कुठल्या तारखेला आलं.”

मला काही समजलं नाही. मी विचारलं तर म्हणाली, त्यांना समजेल. तुमच्या येण्याबद्दल ती काहीच बोलली नाही. मी पुन्हा विचारेन, पण हे तारखेचं आधी कळवा.

मोराकचं रेकॉर्डिंग एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आहे.

तुमची
योगिनी

———

वैशाखरे
१७ मार्च २०२४

चि. योगिनीस,

तू ‘आबा’ लिहिलंस ते पान मी वेगळं काढून ठेवलंय. आता हे पत्र वाचून तुला ते परत मागावंसं वाटलं तर माग.

तुझ्या आईने नेमक्या जागी बोट ठेवलं. दवाखान्यात राहून तिला कळत असेल, कुठं दाबलं की माणूस कळवळतो.

बोलावणं नंतर आलं. ती घरातून गेल्यावर अकराव्या दिवशी. पोस्टमनने माझ्या हातात दिलं. तुम्ही दोघी तेव्हा किन्हवलीला तुझ्या आत्याकडे होता, एवढं मला ठाऊक होतं. मी पाकीट घेऊन गेलो, तुझ्या आत्याच्या हातात दिलं, मी आणलं हे सांगू नका म्हटलं, नि त्याच पावली वळलो. चंदा आत भांडी घासत होती. आवाज येत होता.

नंतर मी ते बोलावणं अकरा दिवस मागे ओढलं, तिच्या जाण्याच्या आधी नेऊन ठेवलं. पहिल्यांदा बाईजाला सांगितलं, तिच्या शिक्षणासाठीच मी तसं बोललो. ती पाठ फिरवून चुलीकडे गेली, कारण पाकीट आलं तेव्हा ती घरातच होती. मग गावात सांगितलं. मग माझं मलाच खरं वाटायला लागलं. तुला लिहिताना मी खोटं लिहितोय हे मला कळलं नाय. नाहीतर कळलं, नि हात थांबला नाय. दोन्हींतलं कुठलं, ते आता मलाही सांगता येणार नाय.

खरं कारण लहान आहे. त्याला आभाळ नि ग्रह लागत नायत. अनिलच्या बायकोला चंदा घरात नको होती. अनिल म्हणाला, बाबा, ती राहणार असेल तर आमी कल्याणला जातो. एकुलता एक मुलगा. मी घाबरलो. म्हातारपणी घोटभर पाणी कोण देईल, हा विचार आला. दोन पोरांतलं जे माझ्या उपयोगाचं वाटलं ते ठेवलं नि दुसऱ्याला दार दाखवलं. मोठ्याने बोललो, कारण हळू बोललो असतो तर बोलणं पुरं झालं नसतं. तुझ्याकडे बघितलं नाय, तेही त्यानेच.

पाच वर्षांनी अनिल गेलाच. त्याला बोल लावत नाय, त्याला नोकरी तिकडे मिळाली. बाईजा त्या दिवसानंतर माझ्याशी कामापुरतं बोलायची. मी लोकांना सांगायचो, तिला ऐकायला कमी येतं.

तेव्हा मोराकच्या तोंडून ती वाक्यं काढ. मी त्याला धुऊन, इस्त्री करून तुझ्याकडे पाठवला, ते चुकलं. पिलू-बिलू काही नाय. ढकलणाऱ्याला आधी आपली जागा हवी असते, उडायला कोण शिकलं ते नंतरचं. त्याने पाकीट पोचवलं, हेही खरं. त्याला दोन्ही राहू दे. आतल्या चारशेंसाठी दार लावलं असं तो म्हणत असेल तर त्याला विचार, त्या चारशेंत तूही होतास ना.

आणि चंदाला आता विचारू नको. मी माझं विचारणं मागे घेतो. ज्या गोष्टीच्या जोरावर यायचं म्हणत होतो ती गोष्टच खोटी निघाली. तुझी पत्रं येत राहिली तर बरं वाटेल. न आली तरी कळेल.

आबा

———

आसनगाव
६ एप्रिल २०२४

आबा,

पान परत मागत नाही. राग आला, तो चार दिवस होता, अजून थोडा आहे. पण पान राहू द्या.

रेकॉर्डिंग काल झालं. वाक्यं बदलली. मुलगी विचारते, दार का लावलंस, आणि मोराक म्हणतो, “मला भीती वाटली. मी आत होतो.” एवढंच. त्यापुढे पडद्यावर त्याचे ओठ अजून हलत राहतात, तिथे मी काहीच घातलं नाही, नुसता श्वास. दिग्दर्शकाला ते पसंत नव्हतं. माणूस बोलतोय आणि आवाज नाही, प्रेक्षकांना चूक वाटेल म्हणाला. आवाज देणाऱ्या गृहस्थांनीच त्याला समजावलं, असं बोलणारी माणसं असतात म्हणून.

विचारणं तुम्ही मागे घेतलंत. पण तुमचं पत्र आईच्या हातातच आधी पडलं, आणि ती काही मागे घ्यायला तयार नाही. सोबतचा घडी घातलेला कागद तिचा आहे. मी वाचलेला नाही.

योगिनी

———

बाबा,

दुपारची ड्यूटी आहे, त्याआधी लिहिते. मला पत्र लिहायची सवय नाही, केसपेपरची आहे.

पाकीट तुम्ही आणलंत हे मला माहीत नव्हतं. तुम्ही सांगू नका म्हणालात, तर वन्संनी खरंच सांगितलं नाही. त्या जाईपर्यंत कधी बोलल्या नाहीत. एका परीने बरं झालं. कळलं असतं तर मी त्या शिक्षणाला गेले नसते. तेव्हा माझ्यात तेवढा राग होता.

पहिल्या भागातले तुम्ही मला सोयीचे होता. शिकताना बायका हसायच्या, दोन-दोन पाळ्या लागायच्या, पाय सुजायचे, तेव्हा मी तुमचं ते वाक्य आठवायचे आणि उभी राहायचे. घरातल्या मिठासारखं मी ते रोज वापरलं. म्हणून तुम्ही बोलावण्याची खोटी गोष्ट सांगितलीत तेव्हा मला चीड आली. आणि खरी सांगितलीत तेव्हा जास्त आली, कारण आता तुमच्यावर रागावायला पूर्वीइतकं सोपं राहिलं नाही.

तुम्ही तुमचं सांगितलंत, मग माझंही एक ऐका. योगिनी म्हणते, तिच्या कानात तुमचा आवाज येतो. तुम्ही ते बोललात तेव्हा ती तिथे नव्हतीच. मागच्या दारी तिच्या आजीला शोधत होती, ओट्यावर आली ती नंतर. तिला ते वाक्य मी सांगितलं. एकदा नाही, पुष्कळदा. अभ्यास केला नाही की, माहेरची आठवण काढली की. तुमच्यासारखा आवाज काढून, तुमच्यासारखी मान करून. तिच्या कानातला तो माणूस मी केलेला आहे. हे मी तिला अजून सांगितलेलं नाही. सांगेन. तुमचं पत्र आलं नसतं तर कदाचित सांगितलं नसतं.

माफीचं विचाराल तर ती माझ्याकडे तयार नाही. पुढे होईल का तेही माहीत नाही. तशा आशेने येऊ नका.

पण या. रविवारी, २१ तारखेला, मला सुटी आहे. किन्हवलीवरून सकाळी येणाऱ्या गाडीने या. शहापूरच्या स्टँडवर मी उभी असेन. केस पिकलेत, चष्मा लागलाय, अंग सुटलंय. तुम्ही मला ओळखाल की नाही, सांगता येत नाही.

त्या दिवशी वाडीतून फाट्यापर्यंत मी मुद्दाम हळू चालले होते. योगिनीच्या पायातली चप्पल दोनदा काढून पुन्हा घातली. गाडी आली, कंडक्टर घाई करत होता, तरी एक पाय खाली ठेवून उभी होते. मागून हाक येईल असं मला वाटत होतं.

स्टँडवर तुम्ही मला दिसलात तरी मी हाक मारणार नाही. ती तुम्ही मारायची.

चंदा